सिग्नलवाल्याचा शेवट

दादानं चष्म्याच्या केसचं झाकण टेबलावर आपटलं आणि म्हणाला, "शांतता."

तसं कोणी बोलतच नव्हतं. पण कोर्टात पट्टेवाला म्हणून उभी नोकरी काढलेल्या माणसाला एकदा तरी शांतता पुकारल्याशिवाय चैन पडत नाही, हे बाकीच्या तिघांच्या अंगवळणी पडलेलं होतं. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं आणि त्याच्या खालून दुपारचं ऊन काउंटरच्या पायापर्यंत आलेलं होतं. भिंतीला लागून काचेच्या फळ्या, फळ्यांवर रिकाम्या फ्रेमा, कोपऱ्यात नजर तपासायचा तक्ता. मधल्या मोकळ्या जागेत चार खुर्च्या आणि एक डुगडुगतं टेबल.

"शेवटची फेरी," दादा म्हणाला. "उरल्यासुरल्यातलं उचला आणि आपापल्या घरी जा. मागाहून कुरकुर ऐकून घेतली जाणार नाही."

वर्षातून एकदा, दुकान बंद असेल अशा दिवशी, हे चौघं जुने सिनेमे आपसात वाटून घेत. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरायचा आणि मग ज्याची पाळी त्यानं एक सिनेमा स्वतःच्या नावावर करायचा. नावावर झाला की वर्षभर तो त्याचा. दुसऱ्या कोणाला त्याच्याबद्दल अवाक्षर काढायचं असेल तर मालकाची परवानगी घ्यावी लागे, आणि मालक ती सुखासुखी देत नसे. बाहेरच्या कोणी हे पाहिलं असतं तर चार प्रौढ माणसांचं डोकं फिरलंय असंच म्हटलं असतं. त्यात फार चूक नव्हती. सर्कशीच्या सिनेमावरून दादानं आणि मास्तरनं एका वर्षी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, ते पुढच्या वाटपापर्यंत.

सिनेमाचं खरं नाव मात्र कोणी घेत नसे. 'सर्कशीचा', 'विहिरीचा', 'आंधळ्या शिंप्याचा', एवढ्यावर काम भागायचं.

नियम अर्थातच दादाचे, आणि ते सगळे त्यानं कोर्टातून उचलून आणलेले. नुसता सिनेमा मागून चालत नसे, साक्ष द्यावी लागे. म्हणजे त्यातला एक प्रसंग असा सांगायचा की सांगणाऱ्यानं सिनेमा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय हे ऐकणाऱ्याला पटावं. ऐकीव साक्ष चालणार नाही. कोणाला शंका आली तर त्यानं आक्षेप घ्यायचा, मग दुकानातल्या टीव्हीवर तेवढा भाग लावून पाहायचा. साक्ष खोटी निघाली तर सिनेमा आक्षेप घेणाऱ्याला.

"मी आंधळा शिंपी घेतला," दादा म्हणाला. "साक्ष दिलेली आहे. छोटीनं विहिरीचा घेतला. डॉक्टर, बोल."

छोटी म्हणजे दादाची धाकटी बहीण. दुकान तिचं. पन्नाशी उलटली तरी दादानं पाळण्यात ठेवलेलं नाव काही सुटलं नव्हतं, आणि आता तर गिऱ्हाईकंसुद्धा 'छोटीताई, काच जरा जाड वाटतेय' म्हणायची. डॉक्टर तिची शाळेपासूनची मैत्रीण. पलीकडच्या गल्लीत तिचा दातांचा दवाखाना होता. एकटी राहायची, मोजकं बोलायची, आणि सिनेमाच्या बाबतीत मात्र हट्टी. चौथा मास्तर, छोटीचा नवरा. शाळेत गणित शिकवायचा. त्याचं गणित पोरांना कितपत कळायचं देव जाणे, पण गोष्ट सांगावी तर मास्तरनं. बघितलेला सिनेमा तो असा सांगायचा की ऐकणाऱ्याला तिकिटाची गरज वाटू नये.

डॉक्टरनं कपातला शेवटचा घोट घेतला. कप खाली ठेवला.

"सिग्नलवाला," ती म्हणाली.

"अरे वा," दादा म्हणाला. "त्या बेवारशाला एकदाचा वाली मिळाला. दरवर्षी पडून असतो बिचारा."

तो दरवर्षी पडून असायचा हे खरं होतं, आणि का ते छोटीला नीट माहीत होतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी तिच्या पोटातलं बाळ गेलं. हॉस्पिटलातून घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. त्या आठवड्यात थिएटरला सिग्नलवाला पुन्हा लागला होता. तो पाहायचं दोघांचं कधीपासूनचं ठरलेलं. तिनंच मास्तरला ढकललं, "तुम्ही जा. येऊन मला सांगा." तो गेला, आणि परत आल्यावर बूटही न काढता पलंगाच्या कडेला बसून त्यानं सगळा सिनेमा सांगितला. आडगावच्या स्टेशनातला सिग्नलवाला, त्याची रुसून गेलेली बायको, ती परत येणार म्हणून आलेला निरोप. आणि शेवट. गाडी येते, क्षणभर थांबते, निघून जाते. फलाट रिकामा. सिग्नलवाला कंदील खाली करतो. तेवढ्यात रुळांच्या पलीकडे त्याला ती दिसते. चुकीच्या बाजूला उतरलेली. तिकडच्या बाकावर बसून सँडलचा तुटलेला पट्टा पिनेनं जोडत असते. मान वर न करता म्हणते, "किती वेळ लावलास इकडे बघायला."

त्या दिवशी छोटी भिंतीकडून वळली होती. बऱ्याच दिवसांनी चहा मागितला होता.

पुढे कितीतरी वर्षांनी, गिऱ्हाईक नसलेल्या एका दुपारी, तिनं तो सिनेमा याच दुकानातल्या टीव्हीवर एकटीनं पाहिला. गाडी आली. थांबलीच नाही. फलाट रिकामा राहिला, कंदील खाली झाला आणि पडद्यावर 'समाप्त' आलं. छोटी तरीही बसून राहिली. अजून येईल म्हणून. मग तिच्या लक्षात आलं, की बायको त्या सिनेमात येतच नाही. थिएटरातून घरी येईपर्यंतच्या रस्त्यात मास्तरनं ती बाई, तो बाक, तो पट्टा, सगळं तिच्यासाठी रचलं होतं. ती खूप रडली आणि मग रडताना हसायला लागली. नवऱ्याला मात्र तिनं यातलं काही कळू दिलं नाही. सांगितलं असतं तर तो ओशाळला असता, आणि तिला तो शेवट त्याच्याकडून पुन्हा कधी ऐकायला मिळाला नसता. संसार म्हटला की खटके उडतात, अबोले होतात. तिचेही झाले. पण कितीही बिनसलं तरी तिच्या गाठीला ती एक गोष्ट होती. या माणसानं आपल्यासाठी रेल्वे थांबवली होती.

म्हणून तिनं सिग्नलवाला कधी मागितला नाही. मागितला तर साक्ष द्यावी लागली असती. मास्तर मागत नव्हता त्याचंही कारण तेच असणार, हे ती मनातल्या मनात धरून चालली होती. आणि दादा त्याच्या वाटेला जात नसे, कारण सिनेमा रडका आहे असं त्यानं कुठूनसं ऐकलं होतं, आणि पैसे देऊन रडायला त्याची तयारी नसे.

"साक्ष," दादा म्हणाला.

"शेवटचाच प्रसंग सांगते." डॉक्टरनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "गाडी येते, क्षणभर थांबते, निघून जाते. फलाटावर कोणी नाही. हा कंदील खाली करतो. मग सहज रुळांच्या पलीकडे बघतो, तर ती तिकडे. चुकीच्या बाजूला उतरलेली असते. बाकावर बसून सँडलचा तुटलेला पट्टा पिनेनं जोडत असते."

ती थांबली. बरोबर तिथेच थांबली, जिथे मास्तर थांबायचा.

"वर बघतसुद्धा नाही. म्हणते, किती वेळ लावलास इकडे बघायला."

छोटी चष्मे पुसायच्या कापडाची घडी घालत होती. घडी झाली, तरी तिनं ती मोडून परत घातली.

"अरे, हा तर गोड शेवट आहे," दादा म्हणाला. "मला कोणी सांगितलं रडका म्हणून? आधी कळलं असतं तर मीच नसता का घेतला?"

गेल्या वर्षी डॉक्टरला कावीळ झाली होती. पार अंथरुणाला खिळली होती ती. एकटी बाई, घरात पाणी द्यायला कोणी नाही. छोटीच रोज डबा भरायची आणि दुकान सोडता येत नाही म्हणून मास्तरच्या हाती द्यायची. "नुसता डबा ठेवून येऊ नका हो. थोडा वेळ बसा तिच्याजवळ. कंटाळते ती पडून पडून," हे छोटीचेच शब्द. तो बसायचा. यायला उशीर व्हायचा तेव्हा तिला बरंच वाटायचं. मैत्रिणीला सोबत होतेय म्हणायची.

आता डॉक्टरच्या पलंगाची कड तिला दिसली. बूट न काढता बसलेला मास्तरही दिसला.

आणखी काय झालं असेल आणि काय नसेल, इकडे तिचं मन गेलंच नाही. त्याची तिला त्या घटकेला पर्वाही वाटली नाही. माणूस घसरतो, सावरतो, ते सगळं तिनं पदरात घेतलं असतं कदाचित. पण ही गोष्ट त्यानं कशी दिली? दुसरी रचायची होती. त्याला काय, दहा रचता आल्या असत्या. तिच्या मेलेल्या बाळाच्या आठवड्यातली गोष्ट उचलून त्यानं दुसरीच्या उशाशी नेऊन ठेवली, ती सुद्धा पट्ट्यासकट आणि पिनेसकट. तिनं कापड काउंटरवर ठेवून दिलं.

"मास्तर," दादा म्हणाला, "तुम्ही पाहिलाय ना हा? साक्ष बरोबर आहे?"

मास्तरनं चष्मा काढला. काचा सदऱ्याच्या टोकाला पुसल्या, जे छोटीनं त्याला हजारदा बजावलं होतं की करू नका, ओरखडे पडतात.

त्यानं एवढंच म्हटलं असतं तरी पुरे होतं, की डॉक्टर, तुमची गल्लत होतेय, शेवट असा नाही. सिनेमा पुन्हा बेवारस पडला असता, डॉक्टर थोडी खट्टू झाली असती आणि छोटीनं सारं गिळलं असतं. घरी जाऊन गिळलं असतं, पण गिळलं असतं. तिनं त्याच्याकडे अगदी सरळ पाहिलं.

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. बायकोला तो शेवट खरा वाटतो, अशी त्याची इतक्या वर्षांची खात्री. म्हणजे डॉक्टरनंही तोच सिनेमा पाहिला आणि तोच शेवट सांगितला, यात छोटीला वावगं वाटायचं कारण काय? होकार दिला की दोघींची समजूत राहते. मास्तरचा हिशोब चोख होता, फक्त एक गोष्ट त्याला माहीत नव्हती.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "असाच शेवट आहे."

"झालं तर मग. सिग्नलवाला डॉक्टरच्या नावावर—"

"माझा आक्षेप आहे," छोटी म्हणाली.

दादाला आनंदच झाला. वाटप सुरू झाल्यापासून आज एकही आक्षेप आलेला नव्हता आणि कोर्ट मिळमिळीत चाललं होतं. "कोणत्या मुद्द्यावर?"

"असा प्रसंग सिनेमात नाही."

"अगं," मास्तर म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा चिरकला. "तू कुठे पाहिलायस तो?"

"लावून तर बघू."

"आता कशाला? उशीर होतोय. दादांना दवाखान्यात जायचंय ना, रक्तदाब दाखवायला?"

"रक्तदाब कुठे पळून जातोय," दादा म्हणाला. तो एव्हाना उठून टीव्हीच्या मागची वायर खोचत होता. "आक्षेप म्हणजे आक्षेप. शेवटचा तुकडा लावतो फक्त."

चौघांनी खुर्च्या वळवल्या. मास्तर म्हणाला, मी सगळ्यांना चहा टाकतो. छोटी म्हणाली, बसा. तो बसला.

पडद्यावर काळं-पांढरं स्टेशन आलं. बराच वेळ काही घडेना. सिग्नलवाला फलाट झाडतो, टोपी नीट करतो, परत झाडतो. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकून बसली होती. तिचे डोळे चमकत होते, खात्री असलेल्या माणसाचे असतात तसे. ती हा सिनेमा आज पहिल्यांदा पाहत होती, आणि त्याच्यातला कोपरान् कोपरा तिला ओळखीचा वाटत होता. छोटी पडद्याकडे पाहतच नव्हती. ती मैत्रिणीकडे पाहत होती. इतकी वर्षं तिला वाटायचं, ही बाई सिनेमा पाहताना जेवढी सुंदर दिसते तेवढी एरवी कधी दिसत नाही. आजही तसंच वाटलं, आणि त्याचा तिला राग आला.

गाडी आली. धूर, खडखडाट, खिडक्यांची लांबच लांब रांग. थांबलीच नाही.

"अरेच्चा," दादा म्हणाला.

डॉक्टरनं भुवया आक्रसल्या. सिग्नलवाला शेपटाच्या डब्याचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत उभा राहिला. मग त्यानं कंदील खाली केला. डॉक्टरनं मान किंचित उजवीकडे झुकवली, जणू रुळांच्या पलीकडे तिलाच बघायचं होतं. कॅमेरा तिकडे गेलाच नाही. फलाट होता, कंदील होता आणि त्यावर अक्षरं आली, 'समाप्त'.

दादा उठून पडद्याजवळ गेला.

"बाई कुठाय?" दादा म्हणाला. "पट्टा कुठाय?"

"ही प्रिंट कापलेली असेल," मास्तर म्हणाला. "जुन्या सिनेमांचं असं होतं बरेचदा."

"कापून अख्खी गाडी थांबायची बंद होते होय हो? तुम्हीच आत्ता म्हणालात ना, असाच शेवट आहे?"

डॉक्टर पडद्याकडेच बघत होती. तो केव्हाच काळा झाला होता.

"मला असाच आठवतो," ती हळू म्हणाली.

"आठवत नाही तुला. तू पाहिलेलाच नाहीस." दादा सुटलाच होता. त्याला यातलं काहीही कळत नव्हतं आणि म्हणूनच तो नेमका तिथेच बोट ठेवत होता. "पाहिला असतास तर गाडी थांबत नाही हे कोण विसरेल? ही ऐकीव साक्ष आहे. सरळ सरळ ऐकीव. कोणाकडून ऐकलास?"

डॉक्टरचे कान लाल झाले. तिनं रिकामा कप उचलला, आत पाहिलं आणि परत बशीत ठेवला. मास्तर आपल्या बुटांकडे बघत होता. शटरच्या पलीकडून कोणीतरी सायकल ढकलत गेलं.

"नाही सांगायचं तर नको सांगू," दादा म्हणाला. त्याचा सूर जरासा मवाळ झाला. कोर्टातली शांतता आणि ही शांतता एक नाही, एवढं त्यालाही जाणवलं असावं. "पण नियम तो नियम. सिनेमा छोटीचा. चल छोटी, साक्ष दे आणि घे नावावर."

"मला नको."

"नको म्हणजे? आक्षेप कशाला घेतलास मग?"

"मीही ऐकलेलाच आहे, दादा." छोटीचा आवाज तिला वाटला होता त्याहून बराच स्थिर निघाला. ती दादाशी बोलत होती, पण पाहत डॉक्टरकडे होती. "बाळ गेलं तेव्हा. मी पडून असायचे ना. तेव्हा पलंगावर बसून सांगितला होता मला. हाच शेवट. चुकीच्या बाजूला उतरलेली बाई, तो बाक, तुटलेला पट्टा. सगळं हेच, शब्दन् शब्द."

डॉक्टरनं मान वर केली. आधी छोटीकडे पाहिलं, आणि ती खोटं बोलत नाही हे तिला कळलं. मग ती मास्तरकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर शरम येईल, असं छोटीला वाटलं होतं. आधी शरम आलीही. पण तिच्या पाठोपाठ जे आलं ते छोटीनं लगेच ओळखलं, कारण मघापासून तिच्या स्वतःच्या छातीत तेच घट्ट बसलेलं होतं. डॉक्टरलाही वाटलं होतं की ती गाडी आपल्यासाठी थांबली.

"मग पडू दे बेवारस," दादा कुरकुरला. "एवढा खटाटोप करून शेवटी कोणालाच नको." त्यानं झाकण उचललं, कोणी काही म्हणतंय का याची वाट पाहिली आणि बारीक आवाजात आपटलं. "मास्तर, तुमची पाळी."

मास्तरला कधी आठवावं लागत नसे. त्याची पाळी यायच्या आत तो सिनेमा घेऊन तयार असायचा, साक्ष तर अशी द्यायचा की दादासुद्धा हातातलं झाकण विसरायचा. आता त्यानं तोंड उघडलं, मिटलं. चष्मा सारखा केला. दोघीजणी त्याच्याकडे पाहत बसल्या होत्या, तो काय सांगतो म्हणून.